ओटा आणि फडताळ

"फॉरमॅट मारावा लागेल, ताई. सगळं पुसलं की नव्यासारखा होईल," हँग झालेला फोन काउंटरवर ठेवत दुकानदार म्हणाला.

द्वारकामावशींचा चेहरा उतरला. अंगणवाडीतल्या एकेचाळीस पोरांची वजनं त्या फोनमध्येच होती, पाड्यावर रेंज नसल्याने ती अजून वर कार्यालयात गेली नव्हती. सोबत आलेल्या भाचीने, ऋजुताने, मात्र मान डोलावली. एम.एस्सी. झाली असली तरी दुकानात तीही साधी गिऱ्हाईकच होती.

"थांबा जरा," मावशी म्हणाल्या. "काल ही मला रॅम आणि स्टोरेज समजावत होती. भाकऱ्या थापता थापता ऐकलं मी. रॅम म्हणजे काम मांडायचा ओटा, स्टोरेज म्हणजे सामान ठेवायचं फडताळ. बरोबर ना?"

"एकदम बरोबर," दुकानदार हसला.

"मग पसारा ओट्यावर झालाय, आणि तुम्ही फडताळ कशाला रिकामं करताय?"

त्याचं हसू मावळलं. "फोन शेवटचा बंद कधी केला होता, ताई?"

"कधीच नाही. सुपरवायझर मॅडमचा फोन आला आणि लागला नाही तर?"

त्याने बाजूचं बटण दाबून धरलं. फोन विझला, पुन्हा उजळला. मावशींनी यादी उघडून शेवटपर्यंत बोट फिरवलं. एकेचाळीस.

बाहेर पडताना ऋजुताने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "मावशी, आज भाकऱ्या मी थापते. तू मला ब्लूटूथ समजावून सांग."

"अगं, मला कुठे येतंय ते?"

"व्याख्या मी सांगते. समजवायचं काम तुझं."