दोन दिवसांची रजा

लंडनच्या इस्पितळात चार वर्षं रात्रपाळ्या करून थकलेल्या जोसेलिनने या खेपेला ग्रेनाडाच्या सुट्टीचा बेत नीट आखला. रजा दहा दिवसांची. त्यातले आठ दिवस समुद्राकाठच्या हॉटेलात नुसतं लोळायचं आणि शेवटचे दोन गुयावला, आईकडे. आईला मात्र नवव्या दिवसाचीच तारीख कळवायची. आधी कळलं तर मावश्या-आत्यांची रीघ लागेल, शिवाय रोजचं चर्च.

सगळं ठरल्यासारखं पार पडलं. नवव्या दिवशी सकाळी बॅगा घेऊन ती आईच्या दारात उतरली.

"थेट विमानतळावरून आलीस?" आईने विचारलं.

"हो, मम्मी. दोनच दिवसांची रजा मिळाली गं."

"दोन तर दोन," म्हणत आईने नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस तिच्या पुढ्यात ठेवला आणि ती जेवत असताना नुसती तिच्याकडे बघत बसली.

दुपारी आई जरा आडवी झाली, तेव्हा शेजारच्या यूडीनबाई कुंपणाशी आल्या.

"आलीस एकदाची! अगं, तुझ्या हॉटेलात चादरी धुणारी बाई आमच्याच चर्चमध्ये गाते. आठ दिवस तुझी आई तुझ्या वाटणीचं रांधून ठेवत होती. मी म्हटलं, तासाभराचा तर रस्ता, जा की भेटून ये. तर मलाच दटावलं. 'पोर दमून आलीय,' म्हणाली, 'झोपू दे तिला.'"