भाजीतला केस

भाजीत पुन्हा लांब केस निघाला, तशी पन्नाशीला टेकलेल्या मॅडमनी स्वयंपाकाच्या मावशींना फैलावर घेतलं.

"डोक्याला फडकं बांधूनच करते हो मी," मावशी म्हणाल्या. पण मॅडमनी काही ऐकून न घेता त्यांना कामावरून काढून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाल्या, "थायरॉइड बिघडलंय. तुमचे केस त्यामुळेच इतके गळतायत."

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पानात भाजी वाढायच्या त्या स्वतःच. दवाखान्यातून त्या तडक मावशींच्या घरी गेल्या, माफी मागायला.

मावशींनी दार उघडलं. कमरेपर्यंतची वेणी जाऊन डोक्यावर जेमतेम बोटभर केस उरले होते.



"तुमच्याकडेच निघाले होते," मावशी म्हणाल्या. "आता तरी ठेवाल ना कामावर?"