पायाखालचा धागा

इरावती रडत होती आणि विभावरीबाई तिला उचलत नव्हत्या. पाळण्याशेजारी उभ्या राहून त्या मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. आधी तीन महिन्यांच्या नातीचं लालबुंद तोंड घेतलं, मग मोबाइल हळूच स्वयंपाकघराकडे वळवला. ओट्याशी सून उभी होती, मृणालिनी. पाठमोरी. सासूबाईंच्या प्रवासासाठी लाडवांचं बेसन भाजत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचा कालथा कढईत निवांत फिरत होता.

"बघ नील," विभावरीबाई कुजबुजल्या. कुजबुजायची खरं तर काही गरज नव्हती.

बाळंतपणाला म्हणून त्या न्यूझीलंडला, लोअर हटला आल्या त्याच मुळी धास्ती घेऊन. लेक नील सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसात जाणार, घरात ही एकटी, आणि पोर टाहो फोडेल तेव्हा हिला कळणार कसं? आवाज झाला की लुकलुकणारा एक दिवा नीलने आणला होता. पण तिथला वारा असला आचरट, की खिडक्या खडखडल्या तरी तो लुकलुकायचा. शेवटी तो कपाटात गेला. विभावरीबाईंनी सरळ सांगून टाकलं, वर्षभर नातीला मी पुण्याला नेते. बराच वाद झाल्यावर नील म्हणाला, "मृणालला कळलं नाही, असं एकदा तरी मला दाखव. मग ने." नवऱ्याचे ओठ वाचत मृणालिनीनेही मान डोलावली होती.

तेव्हापासून बाई टपून होत्या. पण पोरगी रडेल तर ना. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या बाईपासून सगळे म्हणायचे, किती शांत बाळ आहे. "बापावर गेलीय," असं विभावरीबाई हसून सांगायच्या आणि मनातल्या मनात चरफडायच्या. रविवारी विमान होतं. आज शुक्रवार. आणि आज अखेर इरावतीने घर डोक्यावर घेतलं होतं.

शंभर मोजायचे आणि मग उचलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण बासष्टवरच मोबाइल पलंगावर टाकून त्यांनी नातीला छातीशी धरलं. तिचे हुंदके थांबेनात. तशाच त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेच्या समोर उभ्या राहिल्या. हा बघ पुरावा, असं म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं. पण मृणालिनीचा चेहराच उतरला. तिने गॅस बंद केला, लेकीच्या ओल्या गालावरून हात फिरवला आणि खाली वाकून ट्रॅकपँटचा पाय वर केला.

घोट्याला सुती दोरीचा एक सैल फास होता. तिने दोरी ओढली. दोरी भिंतीच्या कडेने सरपटत, दारातून वळत येत राहिली, आणि मोकळं टोक तिच्या हातात आलं.

"आई, ही पाळण्याची कुणी सोडली?" मृणालिनीचा आवाज जरा घोगरा होता, पण शब्द स्पष्ट.

"मी. सकाळी केर काढताना. पायात येत होती सारखी."

झोका द्यायला म्हणून दोन हात दोरी त्यांनीच पुण्याहून आणली होती. सुनेने तिला ही लांबलचक जोड दिली. ओट्याशी उभं राहून झोका द्यायची सोय केली असणार, आळशीपणा तरी किती, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मृणालिनीने त्यांना हाताला धरून खिडकीशी नेलं. तिथलं कोळ्याचं जाळं विभावरीबाई रोज केरसुणीने काढायच्या आणि सून रोज म्हणायची, आई, राहू द्या ना. आजही काढलं होतं. एकच धागा उरला होता. कोपऱ्यातल्या फटीत कोळीण बसलेली, एक पाय त्या धाग्यावर टेकवून.

"हिला कान नाहीत," मृणालिनी म्हणाली. "डोळे आठ, पण त्यांना धड दिसत नाही. हिचं सगळं ऐकणं पायांत. पायांवर बारीक केस, बारीक फटी. धागा हलला की हिला कळतं, कोण आलंय आणि केवढं आहे. इराच्या वेळी सुट्टीवर होते ना, तेव्हा दिवसभर हिलाच बघत बसायचे."

"मग सांगायचं नाही का मला?"

"नील सांगणार होता. मीच नको म्हटलं. पोर दोरीच्या भरवशावर ठेवलीय, असं वाटलं असतं तुम्हाला."

वाटलंच असतं. विभावरीबाईंनी इरावतीला पाळण्यात निजवलं, थोपटलं. मग गुडघे धरत खाली बसून दोरी पाळण्याला बांधली. सुरगाठ नाही, चांगली निरगाठ. दुसरं टोक सुनेच्या घोट्यात अडकवून तिला ओट्याकडे जायची खूण केली आणि स्वतः पाळण्याशी कान देऊन बसल्या. चांगले दोन धडधाकट कान.

बराच वेळ गेला. घरात कसलाच आवाज नव्हता. आणि एकाएकी मृणालिनी हात पुसत दारात उभी. विभावरीबाईंनी चमकून पाळण्यात पाहिलं. इरावतीने नुकतेच डोळे उघडले होते आणि एक पाय झाडला होता. आईचा चेहरा दिसताच ती हसली.

"जागी झाली की आधी पाय झाडते," मृणालिनी म्हणाली. "रडते ती नंतर."

विभावरीबाईंनी मोबाइल उचलला आणि व्हिडिओ पुसून टाकला. मग नीलला फोन लावला.

"नील, तुझी पोर शांतबिंत काही नाही रे," त्या म्हणाल्या. "तिच्या आईने तिला रडायची वेळच कधी येऊ दिली नाही."