टॉवेलाखाली

दोन महिने खाज सोसली, पण लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच ओळखलं आणि मला मुकुंदवाडीतल्या डॉक्टरबाईंकडं नेलं. बाईंनी दह्यासारखा पांढरा स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासला. "बुरशी आहे, औषधानं जाईल. आतले कपडे कुठं वाळवता?" "न्हाणीत, टॉवेलाखाली. दिसू नयेत म्हणून." "म्हणजे दमटच घालता. बुरशीला तेच आवडतं. कडक उन्हात वाळवा." टॉवेलाची शिस्त सासूबाईंनीच लावली होती. रिक्षात त्या हळूच म्हणाल्या, "मलाबी लई वर्षं व्हायचं गं. कुणाला बोलले नाय." दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले, तर माझे कपडे भर उन्हात वाळत होते, शेजारी त्यांचेही. मागून आलेले सासरे जिन्यातच थबकले. "असं उघड्यावर?" दोरीपाशी उभ्या सासूबाईंनी न्हाणीतला तोच टॉवेल दोरीवरून काढून त्यांच्या हातात दिला. "लाज वाटत असंल तर तुमच्या तोंडावर घ्या."