रविवारी शून्य

"अगं, ह्याला बटणंच नाहीत. दाबू काय, माझं डोकं?"

नव्या फोनवरून आईने केलेला हा पहिला कॉल. बारकी खळखळून हसली. वय पंचेचाळीस, रंगाच्या कारखान्यात हाताखाली बारा माणसं, तरी आईसाठी ती बारकीच.

"मग चालू कसा केलास?"

"पार्सल घेऊन आलेल्या पोस्टमनने करून दिला. भला माणूस आहे. पण हा फोन फार आगाऊ आहे हं, न विचारता सल्ले देतो. आणि फोटोत मी तुझ्या आजीसारखी दिसते. परत कर ह्याला."

फोन परत जाणार नव्हता. महिन्यापूर्वी आई न्हाणीघरात पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालल्या तर बऱ्या होतील, नाहीतर कायम जवळ माणूस लागेल. माणूस म्हणजे बारकीच, दुसरं होतं कोण? नोकरी सोडून येते म्हणताच आई फणकारली होती, "खबरदार! एवढ्या कष्टाने मिळवलीस ती सोडायला? मी चालेन."

"मग फोन जवळ ठेवून चाल. तो पावलं मोजतो, आकडा मला इथे दिसतो. रोज तीन हजार. कमी पडली तर मी सामान बांधलंच म्हणून समज."

"म्हणजे पहारेकरी बसवलास माझ्यावर."

पहिला आठवडा आकडा चाळीसच्या पुढे सरकेना. बारकीने राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला. नवव्या दिवशी आकड्याने एकदम उडी मारली. चार हजार. मग सहा, मग नऊ.

"आई, जपून!"

"एकदा पाय मोकळे झाले की थांबवत नाही गं."

फक्त रविवारी शून्य. "पायांना सुट्टी नको का?" आई म्हणायची. दुपारी ती फोन उचलत नसे, चालताना बोललं की धाप लागते म्हणे. संध्याकाळी व्हिडिओवर मात्र हजर, पलंगावर उशीला टेकून. "दमले बाई आज."

दोन निळ्या छटांतला केसाएवढा फरकही बारकीच्या नजरेतून सुटत नसे. कारखान्यात तिच्या डोळ्यांचा शब्द शेवटचा. त्याच डोळ्यांनी ती रोज आकडा बघे आणि कौतुकाने सगळ्यांना दाखवे. राजीनामा तिने फाडून टाकला. आईकडे जायचं दोनदा ठरलं, दोनदा राहून गेलं. एवढी हिंडतीफिरती बाई, काय घाई आहे? असं ती स्वतःच कुणाकुणाला म्हणाली होती. पुढे तेच शब्द आठवून तिला स्वतःची लाज वाटायची.

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी, ती न कळवता आली. आईसाठी मऊ तळव्यांचे बूट आणले होते. दाराला कुलूप होतं. बारकीला बरंच वाटलं. गेली असेल फिरायला!

तिने आपला फोन काढून बघितला. पाच हजार दोनशे. बघता बघता आकडा आणखी वाढला. म्हणजे आई या क्षणी चालत होती, इथेच कुठेतरी. पायरीवर बसून ती वाट बघू लागली. मग राहवेना, म्हणून तिने फोन लावला.

रिंग रस्त्याच्या वळणावरून ऐकू आली. बारकी बूट हातात घेऊन उभी राहिली. आईचा चेहरा कसा होईल, या विचाराने तिला हसू आवरेना.

वळणावरून पोस्टमन आला. खांद्याला पिशवी, शर्टाच्या खिशात वाजणारा फोन.

त्याने फोन काढला. स्क्रीनवरच्या फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याने कुंडीखालची किल्ली घेतली, कुलूप उघडलं आणि आत तोंड करून हळूच म्हणाला, "आजी, पडूनच राहा. आज आपली चोरी पकडली गेली."