मागून आलेला आवाज

“सोड!” हा शब्द त्याच्या तोंडून सुटला तेव्हा चेंडू अजून हवेतच होता.

ओरडला तो पाहुण्या संघाच्या फॉरवर्डवर. ‘सोड, तुझ्या बापालाही जमायचं नाही!’ असं अख्खं वाक्य मनात होतं. पण नेमकं त्या क्षणी सगळं मैदान श्वास रोखून गप्प होतं आणि पहिला शब्दच तेवढा मोकळा सुटला. तो गोलच्या मागच्या कठड्याला रेलून उभा होता. समोर त्याच्या स्वतःच्याच संघाच्या गोलकीपरने वर उचललेले हात मागे घेतले. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि घरच्यासारखा जाळीत शिरला.

हंगामाचा दुसराच सामना, तोही घरच्या मैदानावर, आणि एका गोलने हार.

त्याला सगळे भोंगा म्हणत. पत्रे कापायच्या मशीनशेजारी उभं राहून आयुष्य गेलेलं. घरात मीठ मागितलं तरी शेजारी वाटी घेऊन येतील असा आवाज. दर सामन्यानंतर त्याचा घसा आठवडाभर बसायचा.

“आज घसा ठणठणीत कसा?” जेवताना बायकोने विचारलं.

“हरलो ना.”

“हरल्यावर तर जास्तच बसतो,” ती म्हणाली. तो अर्ध्या ताटावरून उठला.

गोलकीपर कोवळा पोरगा, पहिल्याच हंगामाचा. सामन्यानंतर फाटकापाशी लोकांनी घेरलं तेव्हा रडकुंडीला येऊन तो म्हणाला, “मागून कुणीतरी ‘सोड’ म्हणालं. मला वाटलं, आपलाच बॅक आहे.” सगळ्या बॅकनी कानावर हात ठेवले. झालं, पोरगा चेष्टेचा विषय बनला. “बाळाच्या कानात भूत बोलतं,” असं कारखान्याच्या कॅंटीनमध्ये लोक म्हणू लागले. दुकानात त्याने साबणाची वडी उचलली तरी मागून कुणीतरी “सोड!” म्हणून खिदळायचं. भोंगाही कॅंटीनमध्ये सगळ्यांबरोबर हसला. सांगून टाकावं असं दहादा वाटलं आणि दहादा त्याने ते टाळलं. कठड्यापाशी त्याची जागा ठरलेली होती. तिथे लोक त्याच्यासाठी सरकून घ्यायचे. जगात दुसरीकडे कुठे कुणी त्याच्यासाठी सरकत नव्हतं.

आठवड्याच्या मध्यावर चाहते क्लबच्या दारात जमले. गोलकीपरला काढा, अशी मागणी होती. भोंगा मनाशी ठरवून गेला होता, की आज सगळ्यांसमोर कबूल करायचं. पण तो दिसताच दोस्तांनी त्याला पुढे ढकललं.

“भोंग्या, तूच ओरड. तुझा आवाज थेट आत पोचतो.”

त्याने तोंड उघडलं. आतून हवासुद्धा आली नाही.

तेवढ्यात दार उघडून कप्तान बाहेर आला. बचाव फळीतला जुना बॅक, गुडघ्याला पट्टा, शेवटचा हंगाम. खेळाडूंपासून चाहत्यांपर्यंत सगळे त्याला दादा म्हणत.

“पोराला छळू नका,” दादा म्हणाला. “‘सोड’ मी म्हणालो होतो. कबूल करायची लाज वाटली म्हणून गप्प बसलो.”

मग कुणीतरी ओरडलं, “घरी बस, म्हाताऱ्या!” आणि बाकीच्यांनी तेच उचललं. ज्या माणसाला त्यांनी कधीकाळी खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं होतं, त्याच्यावर ते थुंकायचेच काय ते बाकी होते. दादा मान खाली घालून ऐकत राहिला. भोंग्याला आधी हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं, हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी कळलं, पुढच्या सामन्यात दादा बाकावर बसणार. पाळी संपल्यावर भोंगा घरी न जाता तडक मैदानावर गेला. दादाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. गोलकीपर एकटाच एका टोकाला भिंतीवर चेंडू मारत होता आणि झेलत होता. भोंगा त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला असेल.

“दादा नव्हता तो. मी होतो. कठड्यापाशी. मी त्या फॉरवर्डला म्हणालो आणि तू फसलास. तुझी काही चूक नाही, बाळा. दादाचीही नाही. काय मारायचं ते मार मला.”

पोराच्या हातातला चेंडू निसटून घरंगळत गेला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुम्ही खरंच ओरडला होतात?”

“शप्पथ. चल, दोघं आत जाऊ. तुमच्या कोचना मी सगळं सांगतो. दादा खेळेल, आणि तू खोटारडा नाहीस हेही सगळ्यांना कळेल.” भोंग्याने त्याचा दंड धरला. पोरगा जागचा हलेना.

“चल ना. घाबरतोस कशाला? खरं तेच सांगायचंय.”

“काका, मला काहीच ऐकू आलं नव्हतं,” गोलकीपर म्हणाला. “तो फॉरवर्ड अंगावर येताना दिसला आणि भीतीने माझे हात मागे आले. फाटकापाशी तोंडाला येईल ते बोलून गेलो.”

भोंग्याची पकड सैल झाली. पोरगा मैदानाच्या पलीकडे बघत होता. तिथे दादा एकटाच, लंगडत, सगळ्यांनी टाकून दिलेले चेंडू गोळा करत होता.

“आणि हे मी दादांना सामना हरलो त्याच दिवशी सांगितलं होतं.”