ज्यांना फासे नाहीत

भिंगाखाली धरलेल्या इंचभर जर्मन सैनिकाच्या कॉलरवर मी राखाडी रेघ ओढत होतो, तेव्हा अष्टेकरांनी टेबलावर एक पुडी उलटी केली. दर रविवारी आम्ही दोघे माझ्या घरी असल्या शिशाच्या सैनिकांनी दुसरे महायुद्ध खेळतो. जर्मन फौज त्यांची, रशियन माझी. दोन्हींचे रंगकाम माझे. गोळी लागली की नाही, हे फासे ठरवतात. या गावात मला दुसरा प्रतिस्पर्धी नाही.

पुडीतून शिशाची कोरी माणसे निघाली. गुडघे टेकलेल्या बायका, म्हातारे, आईला बिलगलेले एक मूल.

"एवढी रंगवून द्या, राव. भिंतीपाशी मांडू."

मला वाटले, ओलिसांना सोडवण्याचा डाव असेल. "यांच्या बाजूने फासे कोण टाकणार?"

"यांना कसले फासे? यांना नुसतं उडवायचं!" ते हसले. "बायकांचे रुमाल लाल करा, म्हणजे उठून दिसतील."

मला शिसारी आली. ज्या गणवेशांच्या सुरकुत्या मी इतक्या निगुतीने उजळल्या होत्या, त्यांच्याकडे पाहवेना. ब्रश धुतला. अष्टेकरांची सगळी फौज एकेक करून कापसात गुंडाळली आणि खोका त्यांच्या हातात दिला.

"अहो, खेळणी आहेत ती! रविवारी कोणाशी खेळणार मग?"

"कोणाशीच नाही."

दारातून ते वळले. "बरं, ती गुडघ्यावरची तरी द्या. माझी आहेत."

मी ती मुठीत घट्ट धरली होती.

"ती तुम्हाला मिळणार नाहीत," म्हणालो आणि दार लावून घेतले.